एका किल्लीची कोठी



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषयाचे नाव मागितले, तेव्हा आम्ही मोठ्या प्रामाणिकपणे सांगितले : 'ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मेमरी-व्यवस्थेतील कुलपांचा खोळंबा व त्यावरील उपाय'. चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "हे नाव फळ्यावर लिहिले, तर त्या दिवशी सतरंज्या घालण्याचे तरी श्रम वाचतील." म्हणून आम्ही नाव बदलले, विषय मात्र तोच ठेवला आहे. आपण एवढ्या संख्येने आलात, तेव्हा फसवणूक करून आणल्याचा दोष आमच्याकडे येऊ नये एवढ्यासाठी ही कबुली आरंभीच देऊन टाकतो.

विषय दूरचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत आज एक काचेचा पडदा आहे. बोटाने वर सारले की त्यावरचा मजकूर पाण्यासारखा सरकतो. पण कधी कधी तो मध्येच अडखळतो, क्षणभर थिजतो, आणि मग एकदम चार ओळी पुढे उडी मारतो. आपण म्हणतो, "हा जुना झाला, आता नवा घ्यायला हवा." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पुष्कळदा आतला प्रोसेसर थकलेला नसतो. तो रिकामा उभा असतो, दाराशी ताटकळत असतो. काम करण्याची ताकद आहे, काम समोर आहे, पण हात बांधलेले आहेत. हे हात कोणी बांधले, का बांधले, आणि ते सोडवायला जाणत्या माणसांना इतकी वर्षे का लागली, एवढेच आज सांगायचे आहे.

पडद्यावरचे चित्र सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाते. म्हणजे एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १६.७ मिलिसेकंद, एवढाच अवकाश असतो. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर जुनेच चित्र पुन्हा दाखवावे लागते, आणि डोळ्याला ते अडखळणे कळते. चित्र काढण्याचे अवजड काम ग्राफिक्स प्रोसेसर नावाचा वेगळा कारागीर करतो. त्या कारागिराला काम नेऊन देणारा, त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. मोटार हाकणाऱ्याशी त्याचे नाते नावापुरतेच नाही. यंत्राची नस ओळखून ते चालवणे हेच दोघांचे काम. हा ड्रायव्हर संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याच्या, म्हणजे कर्नलच्या पोटात राहतो. कर्नलला आपण 'गाभा' म्हणू. आज आम्ही बोलणार आहोत ते लिनक्स या गाभ्याविषयी. १९९१ साली लायनस टॉरवाल्ड्स यांनी तो आरंभिला, आणि अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनात आज तोच आहे. त्याचे सर्व लेखन उघडे आहे. कोणीही वाचावे, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. म्हणूनच त्याच्या घरातल्या गोष्टी अशा जाहीर सभेत सांगता येतात.

आता आमच्या कोठीकडे वळू. पुष्कळ गावांत गावकीची भांडी असत. लग्न असो, मुंज असो, मोठी पातेली, पराती, घंगाळे प्रत्येकाने घरी कशाला बाळगायची? गावाने मिळून घ्यावी, एका कोठीत ठेवावी, लागेल त्याने वहीत नाव लिहून न्यावी आणि काम झाले की घासून परत आणावी. ग्राफिक्स ड्रायव्हरची मेमरी-व्यवस्था म्हणजे हुबेहूब ही कोठी आहे. तेथे भांड्यांना 'बफर' म्हणतात. एका भांड्यात अक्षरांची चित्रे, दुसऱ्यात छायाचित्र, तिसऱ्यात पडद्याचे तयार होत असलेले चित्र. निरनिराळे प्रोग्रॅम येतात, भांडी मागतात, वापरतात, परत करतात.

भांडी लहान नसतात. एक साधा हिशोब पाहू. १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच असा पडदा घ्या. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ४ बाइट. गुणाकार केला तर ८२,९४,४०० बाइट होतात. गाभा मेमरी ४०९६ बाइटच्या पानांनी मोजतो, असे धरू; तर एका पडद्याच्या एका चित्राला बरोबर २०२५ पाने लागतात. आणि अशी चित्रे एका वेळी दोन-तीन तरी बाळगावी लागतात.

कोठीला कुलूप का हवे? दोन गृहस्थ एकाच वेळी वही उघडतात. एकच परात शिल्लक आहे असे दोघेही वाचतात, दोघेही आपले नाव लिहितात, आणि लग्नाच्या दिवशी एका परातीला दोन धनी उभे राहतात. संगणकात असे झाले तर एका प्रोग्रॅमचे भांडे दुसऱ्याच्या हाती जाते. मग बँकेच्या पानावरचा मजकूर भलत्याच खिडकीत दिसेल, किंवा सगळे यंत्रच कोसळेल. म्हणून नियम असा की, वहीला हात लावायचा तर आधी कुलपाची किल्ली घ्यावी, किल्ली एकच, ती ज्याच्या हाती तो आत, बाकीचे बाहेर. एका वेळी एकानेच आत असावे, हा प्रश्न नीट मांडून त्याचे उत्तर देणारा लेख एड्सखर डाइक्स्ट्रा या डच पंडिताने १९६५ साली प्रसिद्ध केला. त्याच्या पायावर या विद्येचे घर उभे आहे.

लिनक्समध्ये एकापेक्षा अधिक प्रोसेसर एकत्र चालवण्याची सोय १९९६ साली आली, तेव्हा सगळ्या गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप होते. ते पूर्णपणे निघाले २०११ साली. पंधरा वर्षे लागली. ग्राफिक्सच्या दालनातही तोच इतिहास पुन्हा घडला. २००८ साली कीथ पॅकार्ड आणि एरिक अॅनहोल्ट यांनी मेमरीची नवी व्यवस्था रचली. ती 'जेम' या नावाने त्याच वर्षअखेर लिनक्समध्ये आली. तिच्या बहुतेक सर्व कारभाराला 'स्ट्रक्ट म्यूटेक्स' नावाचे एकच कुलूप होते. नवे भांडे मागा, किल्ली घ्या. भांडे परत करा, किल्ली घ्या. कारागिराला काम द्या, किल्ली घ्या. कोणते भांडे मोकळे आहे एवढेच पाहायचे आहे, तरी किल्ली घ्या.

ज्यांनी ते एकच कुलूप ठेवले त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. कोठी नवी असते, नेणारे थोडे असतात, तेव्हा एक किल्ली हीच शहाणपणाची व्यवस्था होय. तीत चूक होण्याला जागा कमी. मागाहून गाव वाढते, एका दिवशी दहा-दहा लग्ने निघतात, आणि मग कोठीच्या दाराशी रांग लागते. या रांगेलाच आम्ही खोळंबा म्हणतो. त्यात वाईट गोष्ट ही की, तेथे लहान काम आणि मोठे काम असा भेद राहत नाही. एका प्रोग्रॅमला दोनशे भांडी हवी असतात; त्याच्या मागे, नुसते आपण टाइप केलेले एक अक्षर पडद्यावर उमटवू पाहणारा गरीब प्रोग्रॅम उभा असतो. ज्याचे यंत्र महागाचे, त्याच्याकडे ही रांग भरभर सरकते आणि दिसत नाही. ज्याचे यंत्र स्वस्त, त्याला ती रोज दिसते. खोळंब्याचा भार नेहमी असा खालच्या अंगाला जातो.

प्रोसेसर वाढवले तर प्रश्न सुटेल असे पुष्कळांना वाटते. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली दाखवून दिले की तसे होत नाही. कामाचा चौथा हिस्सा जर एका वेळी एकानेच करावयाचा असेल, तर आठ प्रोसेसर लावूनही काम तिपटीइतकेसुद्धा वेगाने होत नाही. आणि हजार लावले तरी चौपटीची मर्यादा ओलांडता येत नाही. दाराबाहेर माणसे वाढवून कोठीचे दार रुंद होत नाही.

मग सोपा उपाय कोणता? एकाच्या जागी पाच कुलपे करावी! आमच्या उमेदवारीच्या काळात आम्हीही हेच केले. एका कार्यालयात आमच्याकडे असाच एक अडखळणारा ड्रायव्हर सोपवला होता. आम्ही तीन आठवडे खपून एका मोठ्या कुलपाची पाच लहान कुलपे केली आणि विजयी मुद्रेने यंत्र चालू केले. ते पूर्वीइतकेच अडखळले. तेव्हा एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने विचारले, "किल्ली कोणाच्या हाती किती वेळ राहते, हे तुम्ही मोजले होते का?" आम्ही मोजले नव्हते. मोजले तेव्हा कळले की नवे भांडे देताना त्याची पाने पुसून कोरी करण्याचे काम आम्ही किल्ली हातात ठेवूनच करीत होतो. पाने पुसावीच लागतात, कारण आधीच्या मालकाचा मजकूर पुढच्याला दिसता कामा नये. पण ते काम कुलपाच्या आत करण्याचे काही कारण नव्हते. म्हणजे आम्ही कोठीच्या उंबऱ्यावर बसून, किल्ली कनवटीला लावून, २०२५ पाने घासत बसलो होतो, आणि गाव बाहेर उभे होते. पाने आधी बाहेर घासून घेतली, आणि किल्ली फक्त वहीत नोंद करण्यापुरती घेतली, तेव्हा रांग नाहीशी झाली. पाचांपैकी तीन कुलपे आम्ही मागाहून काढूनही टाकली.

तेव्हा पहिला धडा असा : कुलपे वाढवण्याआधी ती किती वेळ लागलेली असतात ते पाहावे. खोळंबा पुष्कळदा कुलपाच्या संख्येत नसतो, कुलपाच्या आत चाललेल्या अवांतर कामात असतो.

याच धड्याची मोठी आवृत्ती म्हणजे कारागिराची वाट पाहणे. ग्राफिक्स प्रोसेसर एखादे भांडे वापरीत असेल तर त्याचे काम होईपर्यंत किल्ली धरून बसणे हा तर कळसच. त्यावर उपाय म्हणून लिनक्समध्ये २०१४ साली 'फेन्स' नावाची सामाईक सोय आली. फेन्स म्हणजे एक चिठ्ठी : 'या परातीतले काम चालू आहे, संपले की ही चिठ्ठी फाडली जाईल.' चिठ्ठी भांड्याला अडकवावी आणि किल्ली सोडून द्यावी. ज्याला परात हवी तो चिठ्ठी फाटण्याची वाट पाहील. बाकीच्यांनी कोठीत खुशाल ये-जा करावी.

आता समजा, वेळ आटोक्यात आणला आणि तरीही रांग आहे. तेव्हा खरोखरच कुलूप फोडून लहान करावे लागते. प्रत्येक भांड्याला त्याचे स्वतःचे कुलूप द्यावे लागते. ज्याला घंगाळ हवे तो परातवाल्याला अडवणार नाही. परंतु येथे एक नवे संकट उभे राहते. जोशांनी परात घेतली आणि ते घंगाळाची वाट पाहत आहेत. पाटलांनी घंगाळ घेतले आणि ते परातीची वाट पाहत आहेत. दोघेही सज्जन, दोघेही सोशीक. आणि म्हणूनच दोन्ही लग्ने कायमची अडली. या कोंडीला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात, हे कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली मांडून दाखवले : वस्तू एका वेळी एकाचीच, हातातले न सोडता पुढचे मागणे, दिलेले बळाने परत न घेणे, आणि एकमेकांच्या मागे गोल फिरून आलेली वाट पाहण्याची साखळी. यांपैकी एक जरी तोडली तरी कोंडी होत नाही.

गाभ्यात इतरत्र शेवटची गोष्ट तोडतात. कुलपांचा क्रम ठरवून देतात : आधी परात, मग घंगाळ, उलटे कधीही नाही. पण ग्राफिक्समध्ये हे जमत नाही. कारागिराला द्यायच्या कामाच्या यादीत पुष्कळ भांड्यांची नावे असतात, आणि ती कोणत्या क्रमाने यावी हे ड्रायव्हर ठरवीत नाही. बाहेरचे प्रोग्रॅम ठरवतात. तेव्हा तिसरी गोष्ट तोडावी लागली. दिलेले परत घ्यायचे, पण न्यायाने घ्यायचे.

हा न्याय ग्राफिक्सवाल्यांनी शोधला नाही. तो डेटाबेसच्या विद्येतून आला. रोझेनक्रान्ट्झ, स्टर्न्स आणि लुइस या तिघांनी १९७८ साली तो मांडला होता. लिनक्समध्ये तो मार्टेन लँकहॉर्स्ट यांनी २०१३ साली आणला. न्याय असा : कोठीच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला क्रमांकाचे तिकीट मिळते. जोशांचे तिकीट जुने, पाटलांचे नवे. नव्या तिकिटाच्या पाटलांना हवे असलेले भांडे जुन्या तिकिटाच्या जोशांकडे आहे असे दिसले, तर पाटलांनी वाट पाहू नये; आपल्या हातातली सगळी भांडी खाली ठेवावी आणि मागे सरावे. उलट जोशांना हवे ते पाटलांकडे असेल, तर जोशांनी थांबावे. पाटील आज ना उद्या सोडतीलच. अशा रीतीने वाट पाहण्याची दिशा एकच राहते, जुना नव्यासाठी थांबतो, आणि साखळीचे कडे कधीच पुरे होत नाही.

यातली एक खुबी आम्हांला फार आवडते. पाटील मागे सरले तरी त्यांचे तिकीट काढून घेत नाहीत. पुन्हा प्रयत्न करताना ते तेच तिकीट दाखवतात. नवे लोक मागाहून येत राहतात, आणि पाटील आपोआप जुने होत जातात. एक दिवस असा येतो की सर्वांत जुने तिकीट त्यांचेच असते, आणि मग कोणीही त्यांना मागे सारू शकत नाही. आज माघार घेतली म्हणून हक्क गेला असे येथे होत नाही. ज्या व्यवस्थेत माघार घेणाऱ्याचा क्रमांक शाबूत राहतो, तेथेच माणसे सुखाने माघार घेतात.

आणखी एक गंमत. या कुलपांना नाव पडले 'वूंड-वेट', म्हणजे 'जखमी करा किंवा थांबा'. आम्ही आत्ता सांगितलेली रीत मात्र 'वेट-डाय' म्हणजे 'थांबा किंवा मरा' या दुसऱ्याच न्यायाची होती. नावाप्रमाणे खरी रीत, जीत जुना नव्याला भांडी खाली ठेवायला लावतो आणि नवा जुन्यासाठी थांबतो, ती २०१८ साली जोडली गेली. पाच वर्षे पाटी एका मालाची आणि दुकान दुसऱ्या मालाचे होते. पण माल चोख होता, म्हणून गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती.

आता सर्वांत अवघड जागा सांगतो. कोठीतली भांडी संपली तर काय करायचे? गाभ्याला मेमरी कमी पडली की तो प्रत्येक खात्याच्या दारावर थाप मारतो आणि म्हणतो, "तुमच्याकडे पडून असलेले काही असेल तर द्या." हे मागणे पुरे करणाऱ्या भागाला 'श्रिंकर' म्हणतात, आपण त्याला वसुलीदार म्हणू. वसुलीदार ग्राफिक्सच्या कोठीत येतो आणि पुष्कळ दिवसांत न वापरलेली भांडी शोधू लागतो. पण त्याला आत यायला किल्ली हवी. आता असे पाहा : आम्हीच किल्ली घेऊन आत आहोत, आम्हीच नवे भांडे मागितले आहे, मेमरी संपली म्हणून वसुलीदाराला बोलावणे गेले आहे, तो दाराशी उभा आहे, आणि किल्ली आमच्या हातात आहे. आम्ही त्याच्यासाठी थांबलो, तो आमच्यासाठी. दुसऱ्या कोणाशी भांडण नाही. आपलीच आपल्याला कोंडी.

काही ड्रायव्हरांत यावर जी मलमपट्टी केली होती ती अशी : वसुलीदाराने पाहावे की किल्ली ज्याच्या हाती आहे तो आपल्याला बोलावणाराच आहे काय; असेल तर किल्लीवाचूनच आत शिरावे. वेळ निभावली, पण घर बिघडले. कारण किल्ली घेतलेल्याचा असा समज असतो की आपल्या हातातल्या कामात मध्येच कोणी ढवळाढवळ करणार नाही. आणि येथे त्याच्या पाठीमागून भांडी उचलली जात होती. कुलूप असते ते वस्तूसाठी नव्हे, या समजासाठी असते. तो समज मोडला की कुलूप नुसते लोखंड उरते.

खरा उपाय दुहेरी होता. वसुलीदाराला जे कुलूप लागते ते हातात असताना मेमरी मागायचीच नाही, हा पहिला नियम. दुसरा असा की, वसुलीदाराने कोणत्याही भांड्यासाठी ताटकळत उभे राहायचे नाही; कुलूप मिळाले तर ठीक, नाही तर पुढच्या भांड्याकडे वळायचे. त्याला कोणतेही भांडे चालते, मग एकासाठीच का अडावे? त्यासाठी न वापरलेल्या भांड्यांची यादी वेगळी आणि तिचे लहानसे कुलूपही वेगळे केले. याद्यांच्या कुलपाचेही असेच आहे. एएमडीसारख्यांचे ड्रायव्हर ज्या 'टीटीएम' नावाच्या व्यवस्थेवर उभे आहेत, तिच्यात ही यादी सांभाळणारे कुलूप यंत्रातल्या सगळ्या ग्राफिक्स कार्डांना मिळून एकच होते; २०२१ साली ते प्रत्येक कार्डाला वेगळे झाले. दोन गावांच्या कोठ्यांना एक किल्ली असण्याचे काही कारण नव्हते.

आणि ज्याला नुसते पाहायचे आहे, त्याला किल्ली कशाला? यासाठी 'आरसीयू' नावाची रीत २००२ सालापासून लिनक्समध्ये आहे. कोठीबाहेर एक फळा लावावा. बदल करायचा असेल तेव्हा जुना फळा पुसू नये. नवा लिहून त्याच्या जागी लावावा, आणि जुना वाचीत असलेले सगळे वाचून गेले की मगच तो मोडीत काढावा. वाचणारा कधीच थांबत नाही. एखादे भांडे मोकळे आहे का, त्यावर कोणती चिठ्ठी आहे, हे आता बहुतेक वेळा अशा रीतीने किल्लीशिवाय पाहता येते.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की कुलपे कमी करण्याची ही कथा आहे. तसे नाही, आणि व्याख्यानाचा सगळा भार आम्ही याच ठिकाणी ठेवतो. एका किल्लीच्या कोठीत चूक झाली तर फळ काय? रांग. माणसे त्रासतील, पण परात एकाचीच राहील. बारीक कुलपांच्या कोठीत चूक झाली तर रांग दिसत नाही. परात दोघांची होते. वसुलीदार यादीतून एक भांडे उचलतो, आणि त्याच निमिषाला त्याचा शेवटचा मालक ते मोडीत काढीत असतो. भांडे नाहीसे झाले, हात मात्र त्यावर राहिला. यंत्राची सुरक्षितता फोडणारे लोक अशाच जागा शोधत असतात. म्हणून प्रत्येक भांड्यावर किती जणांचा हात आहे याची मोजणी ठेवतात, आणि नियम करतात की मोजणी शून्यावर गेलेली दिसली तर त्या भांड्याला हात लावायचा नाही, जणू ते दिसलेच नाही. सावकाश चालणारे यंत्र उपद्रवी खरे, पण वेगाने चुकणारे यंत्र घातकी असते. हे ओळखून असल्यामुळेच जाणत्यांनी घाई केली नाही.

मग वर्षे कशात गेली? कुलूप काढायला एक ओळ पुरते. वर्षे गेली ती हे शोधण्यात की, ते जुने कुलूप नेमके काय राखीत होते. एका मोठ्या कुलपाचा खरा दोष तो हळू आहे हा नव्हे. ते कशाचे आहे हे पुढे कोणालाच सांगता येत नाही, हा आहे. सगळेच त्याच्या आत असते, तेव्हा कशाला कशाची गरज आहे हे कोणी लिहून ठेवीत नाही. मूळ लिहिणारे दुसऱ्या कामाला जातात, आणि मागे उरलेल्यांना एकेक ओळ वाचून ठरवावे लागते : ही यादी या कुलपाच्या भरवशावर होती, ही मोजणी नव्हती. लिनक्सच्या ग्राफिक्स विभागाची करावयाच्या कामांची यादी जाहीर असते. तीत हे जुने कुलूप ड्रायव्हरांतून काढून टाकणे हे काम कित्येक वर्षे लिहिलेले होते. एकेक ड्रायव्हर घ्यायचा, एकेक वस्तूचे रक्षण कोण करतो ते लिहायचे, आणि मगच तेथून किल्ली मागे घ्यायची. कोठी एक दिवसही बंद न ठेवता हे चालले. लग्ने होतच होती.

या कामात त्यांना एका पहारेकऱ्याची मदत झाली. इंगो मोल्नार यांनी २००६ साली 'लॉकडेप' नावाची तपासणी लिनक्समध्ये आणली. ती कोण कोणत्या क्रमाने कुलपे घेतो ते टिपत राहते, आणि कोंडी प्रत्यक्ष होण्याची वाट न पाहता सांगते की, अमुक दोघे अमुक क्रमाने भेटले तर कोंडी होईल. चूक घडण्याआधी दाखवणारा असा मित्र असला, की माणसे धीराने जुन्या घराच्या भिंतीला हात घालतात.

आणि हे कोणी केले? इंटेल, एएमडी, फोनांच्या चिपा करणारे, अशा बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांचे नोकर, आणि त्यांच्या जोडीला स्वतःच्या आवडीने येणारे लोक. बाजारात ते प्रतिस्पर्धी, कोठीत मात्र भागीदार. एकाने आपल्या ड्रायव्हरसाठी शोधलेली तिकिटाची रीत दुसऱ्याने वापरली. एकाच्या चुकीचा अहवाल दुसऱ्याने लिहिला. हे सगळे उघड्यावर झाले, म्हणूनच झाले.

श्रोते हो, आम्ही कारागीर माणसे आहोत. उपदेश हा आमचा धंदा नाही. परंतु या विषयात इतकी वर्षे घालवल्यावर आम्हांला एक सवय लागली आहे, ती सांगून थांबतो. कोठेही रांग दिसली, कचेरीत असो, संस्थेत असो, की घरात असो, की आमच्या मनात तीन प्रश्न येतात. किल्ली हातात ठेवून आत कोणते काम चालले आहे, जे बाहेर करता आले असते? नुसते पाहू इच्छिणाऱ्यालाही आपण रांगेत का उभे केले आहे? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : हे कुलूप नेमके कशाचे आहे? पहिल्या दोहोंची उत्तरे मिळाली तर रांग लहान होते. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत मात्र कुलपाला हात लावू नये. आणि ते मिळाले की लगेच, पुढच्या माणसासाठी, दारावर लिहून ठेवावे.

आमच्या त्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने, पाचांपैकी तीन कुलपे निघाल्यावर, उरलेल्या दोहोंवर काय लिहिले आहे असे विचारले होते. आम्ही काहीच लिहिलेले नव्हते. त्या संध्याकाळी बसून आम्ही दोन ओळी लिहिल्या : हे कुलूप वहीचे, हे कुलूप यादीचे. आमच्या हातून पुढे पुष्कळ मोठी कामे झाली असतील, पण त्या दोन ओळींइतके उपयोगी काही लिहिले गेले असेल असे आम्हांला वाटत नाही.